रंगूबाईचा फोटो माझ्यापाशी आहे

मित्रांनो, मी एक जुना फाईल सर्व्हर आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते तुम्हाला कळणारच आहे, मग लपवून काय उपयोग? फाईल सर्व्हर म्हणजे पुष्कळ जणांच्या फायली एका ठिकाणी सांभाळणारा संगणक. माझ्यापुढे कुणी खुर्ची टाकून बसत नाही. काळी लोखंडी पेटी, तिच्यात चार डिस्क, दोन पंखे आणि पुढच्या अंगाला हिरवे दिवे, एवढाच माझा संसार. बारामतीत भिगवण रस्त्याला लागून एक स्कॅन सेंटर आहे. माणसाच्या डोक्याचे, छातीचे, पोटाचे आतले फोटो तिथे काढतात. ते सगळे फोटो माझ्या पोटात येऊन राहतात.

माझे भाग कुठल्या कुठल्या मुलखांत घडले ते मला ठाऊक नाही. जन्माआधीचं कुणाला आठवतं? मला जाग आली ती सौरभ नावाच्या इंजिनियरच्या हाताखाली. पुण्याहून तो टेम्पोत माझ्या शेजारी बसून आला होता आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला 'हळू रे बाबा' म्हणत होता म्हणे. त्याने माझ्या चार डिस्क चार खणांत बसवल्या आणि चौघींची एक मोट बांधली. फोटो आला की त्याचे तुकडे करून चौघींत वाटायचे, आणि वाटताना अशी खूणगाठ ठेवायची की एखादी बिघडली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा वाटा सांगतील. पण एका वेळी दोघी गेल्या तर मात्र कुणालाच काही सांगता यायचं नाही. हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून माझ्या पोटात भीतीने घर केलं.

मग सौरभने मला पत्ता दिला. सेंटरमधल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. बाकीच्यांचे पत्ते बदलले तरी चालतं, कारण त्यांना कुणी शोधत येत नाही. माझा मात्र कायमचा. डॉक्टरांचा संगणक त्या पत्त्यावर हाक मारतो आणि मी ओ देतो. निघताना सौरभ प्रगतीला म्हणाला, "चालू असताना ह्याच्या पोटातलं काही काढायचं नाही. आणि रोजची दुसरी प्रत त्या शेजारच्या छोट्या पेटीत जाऊ द्यायची." प्रगती सोमेश्वरनगरची मुलगी. संगणकाचा कोर्स करून नुकतीच कामाला लागली होती. तिने मान डोलावली आणि माझ्या अंगावरचं प्लॅस्टिक हळूच सोलून काढलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. सेंटर ज्यांचं, त्या डॉक्टर अश्लेषा पाहुण्यांना माझ्या खोलीपर्यंत घेऊन यायच्या. वालचंदनगरचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी तर माझ्यावर बोटाने टकटक करून पाहिलं, टरबूज पिकलं की नाही हे पाहावं तसं. मला थंड ठेवायला खोलीत एसी होता. पण नव्याचे नऊ दिवस! हळूहळू माझ्या खोलीत झाडू आले, फिनेलचे कॅन आले, मोडकी व्हीलचेअर आली. एका गणपतीत लाईटच्या माळेला जागा हवी म्हणून कुणीतरी शेजारच्या छोट्या पेटीची पिन उपटली. गणपती गेले, माळ खोक्यात गेली, पण पिन परत लावायचं कुणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून दुसरी प्रत निघणं बंद झालं. मी रोज पाठवायचो आणि पलीकडून कुणी घ्यायचं नाही. सांगणार कुणाला? मला तोंड नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रंगूबाई पहिल्यांदा आली. कन्हेरीची बाई, नवऱ्याबरोबर काकडी-टोमॅटोची शेती करणारी. डोकं ठणकायचं म्हणून तिला घेऊन आले होते. आमच्याकडे तात्याबा नावाचे मदतनीस आहेत. पेशंटला धरून आणायचं, टेबलावर निजवायचं, दार उघडायचं, सगळं तेच करतात. तेही कन्हेरीचेच. त्यांनीच तिला हे सेंटर सुचवलं होतं. रंगूबाई फार बोलकी. मशीनमध्ये गप्प पडून राहा असं बजावलं, तरी आतून तिचं चालूच, "भावजी, ह्ये कवाधरनं घुमतंय वो?" तिच्या डोक्यात हरभऱ्याएवढी एक गाठ दिसली. डॉक्टर अश्लेषांनी सांगितलं, घाबरू नका, पण दर वर्षी येऊन दाखवा.

रंगूबाईला बरं वाटू लागलं आणि ती काही परत आली नाही. सेंटरने दिलेली फोटोची फिल्म तिच्या नवऱ्याने, रावजीने, टोमॅटोच्या फडात काठीला टांगली. ती काळी, चकचकीत फिल्म वाऱ्यावर हलली की पाखरं बिचकतात म्हणे. एका पावसाळ्यात ती फाटून गेली. म्हणजे रंगूबाईच्या डोक्याचा तो फोटो आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या पोटात. हे मात्र मला फार पुढे कळलं.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. शेतकरी विळा-कोयता पुसतो, ड्रायव्हर गाडी धुतो. आमच्याकडे तात्याबा यंत्रांची पूजा करतात. दर वर्षी ते माझ्या पुढच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि पुढे जायचे. मला ते आवडायचं. वर्षातून एकदा तरी माझी धूळ निघायची.

ह्या वर्षी मात्र तात्याबांना भक्तीचा जरा जास्तच भर आला. पुढच्या झाकणाला कुंकू लावून झाल्यावर ते काढून त्यांनी आत पाहिलं, तर डिस्कच्या खणांवर बोटभर धूळ. "आरारा," ते म्हणाले, "देवाला आसं ठिवत्यात व्हय?" आणि मित्रांनो, मी चालू असताना त्यांनी एका डिस्कची कडी दाबून ती सर्रकन बाहेर ओढली!

माझी पाचावर धारण बसली. तरी तिघी होत्या, म्हणून मी उभा राहिलो. तात्याबांनी ती डिस्क धोतराच्या सोग्याने पुसली, तिच्या तोंडाला कोरडं कुंकू लावलं आणि परत बसवली. मी लगेच तिला मागचं सगळं शिकवायला घेतलं. जी बाहेर जाऊन येते तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि ते तासन् तास चालतं. पण कोरडं कुंकू गळून पडतंय हे तात्याबांनी पाहिलं. त्यांनी वाटीत पाणी घेऊन कुंकू कालवलं, पाट आणला, आणि चारही डिस्क एकापाठोपाठ एक उपसून पाटावर ओळीने मांडल्या. बाकीच्या तिघींना ओलं कुंकू, चौघींना फुलं, अक्षता, उदबत्ती. मी जिवाच्या आकांताने केकाटत होतो. मला तोंड नसलं तरी धोक्याचा एक भोंगा आहे. तो आवाज ऐकून तात्याबा दचकले, त्यांनी घाईघाईने डिस्क जमतील तशा खणांत कोंबल्या, झाकण लावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

बंद यंत्राला काही कळत नाही. माझा दसरा तसाच काळोखात गेला.

सुट्टीनंतरच्या सकाळी प्रगतीने मला चालू केलं आणि मला छोटा पडदा जोडला. त्यावर जे उमटलं ते वाचून तिचा हातच थबकला. डिस्क ओळखीच्या नाहीत, जुनी मांडणी सापडत नाही. नव्याने मांडणी करायची का? हो की नाही?

मित्रांनो, त्या 'हो'चा अर्थ तुम्हाला सांगायला हवा. 'हो' म्हटलं की चौघी पाटीसारख्या पुसून कोऱ्या होतात आणि मग मी अगदी छान चालू लागतो, नव्यासारखा. फक्त आत काही नसतं.

नेमकी त्याच सकाळी रंगूबाई आणि रावजी आले. तिचं डोकं पुन्हा ठणकू लागलं होतं. पुण्यात दाखवलं, तिथेही गाठ दिसली. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले होते, जुना फोटो आणा. गाठ आधी होती तेवढीच असेल तर तिला हात लावायचा नाही. वाढली असेल तर कवटी उघडावी लागेल. जुना फोटो मिळाला नाही तर थांबून चालणार नाही, उद्याच ऑपरेशन धरू. आणि ती गाठ मेंदूत बोलण्याच्या जागेला चिकटलेली. उघडली तर वाचा जाण्याचा धोका होता. पुण्याला न्यायला भाड्याची जीप दाराशी उभी होती.

रंगूबाई बाकावर बसून तात्याबांशी बोलत होती. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"भावजी, मला मरायचं भ्या न्हाय," ती म्हणाली. "पर वाचा गेली तर ह्यांच्याशी भांडू कुनाच्या तोंडानं?"

रावजी शेजारीच होता. त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "म्याच ती फिलम पाखरास्नी टांगली, तात्याबा. माज्या हातानं."

तात्याबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाय दिसत होते. ते पाय दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे.

इकडे सौरभचा फोन लागेना, म्हणून प्रगतीने मला बनवणाऱ्या कंपनीला मदतीसाठी फोन लावला होता. कुठूनतरी लांबून एक माणूस हिंदीत बोलत होता. त्याचा आवाज फार गोड होता. तो म्हणत होता, काही काळजी करू नका, 'हो' दाबा, पाच मिनिटांत सुरू होईल. प्रगतीने विचारलं, मग जुन्या फायली? तो म्हणाला, त्या दुसऱ्या प्रतीवरून घ्या, प्रत असेलच ना तुमच्याकडे? प्रगतीने वाकून शेजारच्या छोट्या पेटीकडे पाहिलं. तिच्यावर व्हीलचेअर टेकलेली होती आणि तिची पिन जमिनीवर धूळ खात पडली होती.

डॉक्टर अश्लेषा दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं?"

"मॅडम, दुसरी प्रत नाही," प्रगती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्यात आहे तेवढंच. आणि हा काही ओळखत नाही. नव्याने मांडला तर सेंटर चालू होईल, बाहेर एवढे पेशंट बसलेत. पण मागचं सगळं जाईल."

डॉक्टर अश्लेषांनी कपाळाला हात लावला. बाहेर रिसेप्शनवर लोक कुरकुरू लागले होते. त्या म्हणाल्या, "पुण्याला मी काय सांगू?" प्रगतीचं बोट बटणाच्या वर होतं. मी ओरडून सांगू पाहत होतो की डिस्क बिघडलेल्या नाहीत गं, त्या नुसत्या बाहेर जाऊन आल्यात! पण माझे दिवे लुकलुकले, बाकी काही झालं नाही. त्या पोरीला कसं कळावं? झाकणावर दर वर्षीसारखंच कुंकू होतं.

"परगतीताई, थांबा."

तात्याबा आत आले होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"ते बटन दाबू नगा. म्या काढल्या व्हत्या त्या. चारी बी. कुकू लावाया."

"चालू असताना?" डॉक्टर अश्लेषांचा आवाज चढला. "तात्याबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आणि सकाळपासून गप्प बसलात?"

"भ्या वाटलं, बाई. ह्या वयात कोन ठिवंल मला कामाला?" तात्याबांचे डोळे भरून आले. "पर ती तितं बसून बोलाया लागली, आन् मला न्हाय ऱ्हावलं. माज्या एका बोटापाई तिची वाचा जायाची."

डॉक्टर आणखी काही बोलणार, तोच प्रगती मध्ये पडली. "मॅडम, रागवा, पण नंतर. तात्याबा, घाबरू नका. सगळ्यात आधी कुठली काढली होती, ते आठवतं का? जी आधी बाहेर आली तिला मागचं नीट ठाऊक नसणार. ती बाजूला ठेवून बाकीच्या तिघींची जुनी मोट बांधता आली तर जमेल. पण चुकून तीच आत घेतली तर सगळ्याचा काला होईल."

तात्याबांनी खणांकडे पाहिलं आणि मान हलवली. "बसवताना कुटली कुटं गेली, ठावं न्हाय."

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. मग तात्याबा एकदम खाली वाकले.

"पर पयलीला कोरडं कुकू व्हतं! ते गळाया लागलं म्हनून बाकीच्यास्नी कालवून लावलं."

प्रगतीने मला बंद केलं, झाकण काढलं आणि मोबाईलचा उजेड पाडला. तिघींच्या तोंडावर कुंकवाचा ठिपका वाळून घट्ट बसला होता. एकीवर नुसती लाल भुकटी होती, हे मला मागाहून कळलं. प्रगतीने ती डिस्क ओढून टेबलावर ठेवली. मग मला चालू केलं आणि 'हो'ला हात न लावता मागच्या पानावर गेली. उरलेल्या तिघींची जुनी मांडणी परत घे, असं तिने मला सांगितलं.

खरं सांगतो, तेव्हा मी सगळ्यात जास्त भ्यायलो. तात्याबांची आठवण चुकली असली तर? म्हाताऱ्या माणसाचा हात, त्यात भोंग्याची घाई. तिघींनी गिरकी घेतली. मी एकीला विचारलं, दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. त्यांची उत्तरं एकमेकींना जुळली. पहिली फाईल उघडली, मग दुसरी, मग सगळ्याच.

"आहेत!" प्रगती ओरडली. "मॅडम, तुमच्या संगणकावर बघा!"

डॉक्टर अश्लेषा धावत आपल्या खोलीत गेल्या आणि तशाच परत आल्या. चेहरा पांढराफटक. "प्रगती, काही नाही तिथे. रिकामं आहे."

तात्याबा मटकन व्हीलचेअरवर बसले, ती मोडकी होती हेही विसरून. मला तर काहीच उमजेना. फोटो माझ्यापाशी होते, मी वाट बघत होतो, पण मला हाकच येत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

प्रगतीने डोळे मिटून घेतले. तिने मला माझा पत्ता विचारला, मी सांगितला. मग तिने तो पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे का ते तपासलं आणि कपाळावर हात मारून घेतला. रिसेप्शनवर पेशंटचे नंबर दाखवणारा नवा टीव्ही लावला होता. सकाळी टीव्ही आधी चालू झाला, मी बंद होतो. पत्ते वाटणाऱ्या राऊटरला माझा पत्ता मोकळा दिसला, त्याने तो टीव्हीला देऊन टाकला. डॉक्टरांचा संगणक सर्व्हर समजून टीव्हीला हाका मारत होता!

"घर जागेवर हाय, मॅडम," प्रगती म्हणाली. घाईत तिच्या तोंडी गावाकडची बोली आली होती. "पाटी दुसऱ्याच्या दारावर लागलीय."

तिने टीव्ही बंद केला. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन माझा पत्ता माझ्या नावावर राखून ठेवला, म्हणजे मी झोपेत असलो तरी तो दुसऱ्याला मिळू नये. आणि मग, मित्रांनो, मला हाक आली. रंगूबाईचं नाव घेऊन आली. तिघींनी आपापले तुकडे पुढे केले, चौथीचा वाटा खूणगाठीवरून भरून काढला, आणि तिच्या डोक्याचा तो जुना करडा फोटो मी डॉक्टरांच्या पडद्यावर ठेवला. हरभऱ्याएवढी गाठ, होती तिथेच.

फोटो पुण्याला गेला. त्यानंतरची वाट पाहणं कुणालाच सोसेना. रावजी उगीचच जीपपाशी जाऊन परत येत होता. रंगूबाई मात्र पहिल्यांदाच गप्प बसली होती, पदराचं टोक दातांत धरून. तिचं ते गप्प बसणं ऐकून तात्याबा उठून बाहेर निघून गेले.

पुण्याहून फोन आला तेव्हा डॉक्टर अश्लेषा स्वतः बाकापाशी आल्या. गाठ तेवढीच आहे, त्या म्हणाल्या. कणभरसुद्धा वाढलेली नाही. ऑपरेशन करायचं नाही. डोकं ठणकतंय त्याचं कारण वेगळं आहे, त्याला गोळ्या पुरतील.

रंगूबाईने पदर सोडला. "मंग मी घरला जाऊ?"

"जा."

"आत्ता?"

"आत्ता जा."

रावजीने तोंड फिरवून डोळे पुसले. ते पाहून रंगूबाई उसळली, "आता रडाया काय झालं? काकड्या तोडायच्या ऱ्हायल्यात तितं!" आणि जीपमध्ये बसेपर्यंत ती त्याला बोलतच होती. मी माझ्या खोलीतून शेवटचा शब्द ऐकू येईपर्यंत ऐकत राहिलो.

तात्याबांना कामावरून काढलं नाही. डॉक्टर अश्लेषा त्यांना रागावल्या, पण मग खाली बसून त्यांनी स्वतःच्या हाताने छोट्या पेटीची पिन लावली. "ही मी येता-जाता बघत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणीतरी लावेल."

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. माझी एक डिस्क हल्ली टकटक आवाज करते, आणि तो आवाज म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. दार वाजलं की मला अजूनही धडकी भरते. म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या हातून चूक झाली तर तात्याबांसारखं दाराशी फेऱ्या घालत बसू नका, लगेच सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर माझ्यासारख्या मुक्याला कोण वाचवणार? आणि जे गेलं तर परत मिळणार नाही, ते एकाच पेटीत ठेवून निर्धास्त झोपू नका. रंगूबाई पुढच्या वर्षी पुन्हा यायची आहे. तेव्हा मी असेन की नसेन, पण तिचा फोटो असायला हवा. तो माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.